आमच्या शाळेत पाणी सत्याण्णवला उकळतं

आजच्या समारंभाचे आणि आपल्या शिक्षणसंस्थेचेही अध्यक्ष, आदरणीय साहेब. व्यासपीठावर विराजमान असलेले आपले विद्यमान मुख्याध्यापक. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत आणि जे मघापासून माझ्याकडे कमी आणि डोक्यावरच्या कुरकुरणाऱ्या पंख्याकडे जास्त बघताहेत, ते आमचे विज्ञानाचे सर. त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी. खास रजा टाकून आलेली, पहिल्या रांगेतली सरांच्या जुन्या कारखान्यातली मंडळी. माझ्या शिक्षक बंधुभगिनींनो, सेवक वर्गातल्या माझ्या जुन्या सोबत्यांनो, पालकहो, आणि जागा न मिळाल्यामुळे खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून बसलेल्या आजी-माजी विद्यार्थ्यांनो,

मला दहा मिनिटं दिलेली आहेत. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी मघाशी हळूच कानात सांगितलं, "बाई, आठच घ्या." तीन वर्षांपूर्वी मी इथे मुख्याध्यापिका होते, तेव्हा माझ्या कानात असं काही सांगायची कुणाची टाप नव्हती. सर, निवृत्तीचे हे फायदे तुम्हालाही उद्यापासून कळतील. असो.

सरांविषयी चांगलं बोलणारे इथे पुष्कळ आहेत. त्यामुळे मला खरं बोलायला बोलावलं असावं, असं मी धरून चालते. आणि खरं असं आहे की या माणसाला शाळेत घ्यायला माझा विरोध होता. अध्यक्षसाहेब हसताहेत. साहेब, तुमचाही होता! तेव्हा तुम्ही संस्थेचे सचिव होता आणि तुमच्या मिशा काळ्या होत्या, एवढाच काय तो फरक.

चौदा वर्षांपूर्वीची ती मुलाखत मला लख्ख आठवते. सात अर्ज आले होते. सहा जण शिक्षकी पेशातले. सातवा गडी चव्वेचाळीस वर्षांचा, फळांचे डबे भरणाऱ्या कारखान्यात जॅम विभागाचा प्रमुख, हाताखाली साठ माणसं. नोकरी करता करता शिक्षकाची पदवी घेतलेली. हे महाशय मुलाखतीला आले ते कारखान्याचे जाड बूट घालून. जिन्यावर असा आवाज झाला की शेजारच्या नववीच्या वर्गातला गोंधळ आपोआप थांबला. तेवढा एक मुद्दा मी त्यांच्या बाजूने टिपून ठेवला.

मी विचारलं, "चांगली नोकरी सोडून इथे कशाला येताय?" तर म्हणाले, "वीस वर्षं सगळे डबे एकसारखे निघावेत म्हणून झटलो. आता जिथे प्रत्येक जण वेगळा निघतो, अशा जागी काम करावंसं वाटतं." मी भाषेची शिक्षिका, मला वाक्य आवडलं. पुढे वहिनींनी फोडलं की हे वाक्य तीन दिवस आरशासमोर चाललं होतं. वहिनी, मान खाली घालू नका, सगळ्यांना सांगितलंय मी आता. पण साहेब कसले ऐकतात! ते म्हणाले, "हे झालं टाळ्यांचं. खरं कारण सांगा."

मग सरांनी खरं कारण सांगितलं. जॅम शिजला की नाही, हे कारखान्यात तापमानावरून ठरतं. साधं पाणी जितक्या अंशाला उकळतं, त्याच्या चार-पाच अंश वर गेला की जॅम झाला. म्हणून रोज सकाळचं पहिलं काम म्हणजे भांडंभर साधं पाणी उकळायचं, त्यात थर्मामीटर धरायचा आणि आजचा आकडा फळ्यावर लिहायचा. आता आपलं गाव उंचावर. इथे हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी शंभराला पोचायच्या आधीच उकळतं. सत्याण्णवच्या आसपास. ढग दाटून आले की आणखी थोडं खाली. "शंभर धरून चाललात," सर म्हणाले, "तर जॅम चमच्याने नव्हे, छिन्नीने काढावा लागेल."

"तर मी काय करायचो," सर पुढे म्हणाले, "कारखान्यात नवा माणूस आला की त्याला विचारायचो, पाणी किती अंशाला उकळतं? तो म्हणायचा, शंभर. मग त्याच्या हातात थर्मामीटर द्यायचो. तो बघायचा, पुन्हा बघायचा, आणि म्हणायचा, साहेब, थर्मामीटर खराब आहे. वीस वर्षांत दीडशे माणसं आली असतील. दीडशेच्या दीडशे जणांनी थर्मामीटरला दोष दिला. सगळे विज्ञानात पास झालेले. पुस्तकातला शंभर आपल्या गावाचा नसेल, असं एकाच्याही मनात येईना. मला वाटलं, हे जिथे बिघडतं तिथेच जाऊन बघावं."

आता मला सांगा, मुलाखतीत उमेदवाराने असं बोलावं का? म्हणजे बिघडवणारे आम्हीच की! मी लालबुंद झाले. साहेब मात्र पेन फिरवत म्हणाले, "एक वर्ष तात्पुरते घेऊ. दहावीचा निकाल बघू, मग कायम करायचं की नाही ते ठरवू." घरी वहिनींनीही तेवढीच मुदत घातली होती. कारखान्याने सरांची खुर्ची वर्षभर रिकामी ठेवायचं कबूल केलं होतं. वर्षात जमलं तर ठीक, नाही तर मुकाट्याने जॅममध्ये परत.

आणि जमायची लक्षणं काही दिसेनात हो! पहिल्या तासाला मी व्हरांड्यात उभी राहून ऐकत होते. अख्खा धडा सरांनी अकरा मिनिटांत संपवला. मग म्हणाले, "काही अडचण?" एकही हात वर नाही. "मग लागा कामाला," असं म्हणून हात मागे बांधून उभे राहिले. मुलं एकमेकांकडे बघताहेत, काम कुठलं? वर्गाला ते बॅच म्हणायचे, तासाला शिफ्ट. तास संपला तरी पुढच्या तासाच्या शिक्षकाची वाट बघत थांबायचे, पाळी हातात हात देऊन बदलली पाहिजे म्हणून. मुलांनी आठवड्याभरात 'जॅमसर' हे नाव ठेवलं. ते अजून आहे. खिडकीवरून ज्याने आत्ता ओरडून ते सांगितलं, त्याचा आवाज मी ओळखला आहे. तू आता डॉक्टर झाला असशील, तरी कट्ट्यावरून खाली उतर.

पण एक गोष्ट त्यांनी पहिल्या दिवसापासून केली. घंटेआधी पंधरा मिनिटं यायचं, प्रयोगशाळेत पाणी उकळायचं आणि दाराशेजारच्या छोट्या फळ्यावर आजचा आकडा लिहायचा. थर्मामीटर त्यांचा स्वतःचा. कारखान्याने निरोपाला काय देऊ विचारलं, तेव्हा यांनी मनगटी घड्याळ नाकारून जॅम विभागातला जुना थर्मामीटर मागून घेतला. तो ज्या फोरमननी स्वतःच्या हाताने पुसून दिला ते इथे पहिल्या रांगेत आहेत. सुरुवातीला फळ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. मग एक-दोन पोरं थांबू लागली. दिवाळी-उन्हाळ्याच्या सुट्ट्या आल्या तरी चुकचुकू लागली. श्रावणझडीसारखं आभाळ भरून आलं की फाटकातूनच अंदाज सुरू, "आज शहाण्णव पॉइंट सहा!" "हट्, सात!" ज्याचा अंदाज बरोबर, त्याने दुसऱ्या दिवशी बर्नर पेटवायचा. शाळेच्या घंटेआधी मुलं शाळेत येताहेत, हे दृश्य मी तोवर पाहिलेलं नव्हतं.

दुसरी गोष्ट म्हणजे खोडरबर बंदी. प्रयोगवहीत आकडा चुकला तर पुसायचा नाही. त्यावर एकच आडवी रेघ, जुना आकडा खालून दिसला पाहिजे. शेजारी नवा आकडा लिहायचा आणि त्याच्या शेजारी सरांची सही. हाही कारखान्याचाच नियम. पालकांच्या तक्रारी आल्या की वह्या गलिच्छ दिसतात. दिसायच्याच. कोपऱ्यावरचा वह्या-पेन्सिलींचा दुकानदार तर मला रस्त्यात गाठून म्हणाला, "बाई, तुमचे नवे सर आमच्या पोटावर आले."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण वर्ष संपत आलं, दहावीची प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली. प्रयोग नेमका तोच आला, पाणी तापवा, दर दोन मिनिटांनी तापमान लिहा, उकळेपर्यंतचा आलेख काढा. आणि आमच्या बेचाळीसच्या बेचाळीस वह्यांत आलेख सत्याण्णवला थांबलेला! मी हादरले. परीक्षक बाहेरचे येणार, त्यांच्या हातात उत्तरसूची, उत्तरसूचीत शंभर. मी सरांना बोलावलं. म्हटलं, "सर, परीक्षेपुरतं शंभर लिहू द्या ना. काय बिघडतं? तुमचीच नोकरी टांगणीला आहे." सर शांतपणे म्हणाले, "बाई, तुमचा हुकूम मी मोडणार नाही. फक्त तो लेखी द्या."

लेखी द्यायला मला काय लागतं? गावात कुणाला अर्ज लिहायचा असला तरी लोक माझ्याकडे येतात. मी कागद पुढे ओढला आणि लिहिलं, 'विद्यार्थ्यांनी प्रयोगवहीत…' आणि थांबले. पुढचं वाक्य काय असणार? 'जे दिसलं ते लिहू नये.' दुसरा कागद घेतला. 'प्रमाणित आकडा नोंदवावा.' म्हणजे तेच! तिसरा कागदही टोपलीत गेला. माझ्या आयुष्यात एक वाक्य लिहायला मी इतकी कधी अडले नव्हते.

का अडले, हे सांगायला मला जरा मागे जावं लागेल. माझी आठ मिनिटं संपली, हे मला ठाऊक आहे, सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी घड्याळ दाखवू नये.

मी याच शाळेची विद्यार्थिनी. आठवीत होते, याच प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या तिसऱ्या टेबलाशी. हाच प्रयोग. पाणी खळखळ उकळत होतं आणि मला सत्याण्णव दिसत होतं. मी हात वर केला. तेव्हाच्या गुरुजींनी लांबूनच म्हटलं, "नीट बघ." मी नीट बघितलं. सत्याण्णव. "अजून नीट बघ." तिसऱ्यांदा बघितलं. बाकी सगळ्या मुलींच्या वहीत शंभर होते. मग मीही खोडरबर घेतला. माझ्या वहीवर 'उत्तम' असा शेरा आला, आणि घरी जाताना माझी खात्रीच पटली की विज्ञानाला जे डोळे लागतात ते आपल्याला दिलेले नाहीत. मला भाषेची आवड होतीच, मी भाषेकडे गेले, सुखात राहिले, माझी काही तक्रार नाही. पण ते एक दार त्या दिवशी माझ्यापुरतं बंद झालं ते झालंच. आणि आता पस्तीस वर्षांनी मी बेचाळीस मुलांना तोच खोडरबर वाटायला निघाले होते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, शाळा सुटल्यावर, मी कोरा कागद घेऊन प्रयोगशाळेत गेले. सर उद्याची तयारी करत होते. चंचुपात्रात पाणी उकळत होतं. माझ्या हातातला कागद त्यांनी पाहिला, पण त्याबद्दल काही विचारलं नाही. म्हणाले, "बाई, आलाच आहात तर जरा किती आलंय बघता का? मला फळ्यावर लिहायचंय." मी वाकले. चष्मा पुसला, पुन्हा वाकले. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "सत्याण्णव वाटतंय, सर. मी नीट बघते हं, थांबा."

ते म्हणाले, "बघितलंत ना? मग झालं." आणि खडू घेऊन त्यांनी फळ्यावर सत्याण्णव लिहून टाकलं. स्वतः वाकून बघितलंसुद्धा नाही. मंडळी, माझ्या एका शब्दावर त्या माणसाने आकडा लिहिला. मी तो कोरा कागद तिथेच कचऱ्याच्या पेटीत टाकला आणि डोळ्यांत वाफ गेली असं सांगून बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी व्हायचं तेच झालं. परीक्षकांनी अर्ध्या तासात मला आणि सचिवसाहेबांना बोलावून घेतलं. "बाई, बेचाळीस मुलं, आणि एकाचाही आकडा बरोबर नाही! तुमचे थर्मामीटर खराब आहेत." हे ऐकल्याबरोबर सर मोठ्याने हसले. वीस वर्षं ऐकलेलं वाक्य, त्यांना राहवलंच नाही. नोकरी जायची वेळ आणि हा गृहस्थ हसतोय! साहेबांचा चेहरा असा झाला की मी आता काय सांगू, ते शेजारीच बसलेत.

मी शाळेतले होते नव्हते तेवढे अकरा थर्मामीटर मागवले. परीक्षकांसमोर एकेक बुडवला. दहा जण सत्याण्णवच्या आगेमागे. अकरावा चाळीसवरच अडून बसला, तो खरोखरच खराब होता. परीक्षक म्हणाले, "पण उत्तरसूचीत शंभर आहे." मी म्हटलं, "उत्तरसूची कुठल्या गावी उकळली होती, साहेब?" कुठून आलं कोण जाणे, पण आलं. ते म्हणाले, "हे तुम्ही शाळेच्या वतीने लेखी द्याल?"

आणि काय सांगू, या वेळी पेन एकदाही अडलं नाही. माझ्या कारकिर्दीतलं सगळ्यात छोटं पत्र आहे ते. 'आमच्या शाळेत पाणी सत्याण्णव अंशांना उकळते. मुख्याध्यापिका.' खाली सही, वर शिक्का. परीक्षकांनी ते दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि सचिवसाहेब पाणी प्यायला वळले तेवढ्यात हळूच मला म्हणाले, "बाई, आमच्या शाळेत अठ्ठ्याण्णव येतं. आम्ही शंभर लिहितो." बेचाळीस मुलांना त्यांनी पूर्ण गुण दिले. त्याच संध्याकाळी साहेबांनी सरांच्या नेमणुकीच्या कागदावर सही केली आणि वहिनींनी स्वतः कारखान्यात फोन करून सांगितलं, "ती खुर्ची आता कुणाला तरी देऊन टाका." त्या खुर्चीवर कोण बसलं ते पहिल्या रांगेत आहे. फोरमनसाहेब, नमस्कार.

त्यानंतरच्या तेरा वर्षांचं काय सांगायचं? सरांचा धडा अकरा मिनिटांवरून चाळीस मिनिटांवर आला. मुलं शिकली, त्यांच्याहून जास्त सर शिकले, हे तेच सांगतात. इंजिनिअर झालेली आहेत, नर्स झालेली आहेत, दोघी-तिघी कुठे कुठे विज्ञान शिकवताहेत. आणि त्या कारखान्याची मंडळी मला मघाशीच सांगत होती, "बाई, आता नवीन माणसाच्या हातात थर्मामीटर दिला तर तो विचारतो, साहेब, इथली उंची किती?"

सर आज जाताना तो थर्मामीटर शाळेला देऊन चालले आहेत. उद्यापासून आकडा लिहायची पाळी आठवीची. नीट सांभाळा रे, आणि पाळी हातात हात देऊन बदला.

आता शेवटचं, म्हणजे अगदी शेवटचं. निवृत्तीनंतर घर आवरताना आईच्या कपाटात माझी आठवीची प्रयोगवही सापडली. आज बरोबर आणली आहे. ही बघा. या पानावर शंभर लिहिलंय आणि उजेडाकडे धरलं की खाली खोडरबराचा डाग अजून दिसतो. काल मी त्या शंभरावर एक आडवी रेघ मारली. शेजारी सत्याण्णव लिहिलं. पण सर, तुमच्याच नियमाने तेवढ्यावर भागत नाही. त्याच्या शेजारी जबाबदार शिक्षकाची सही लागते. तुमची नोकरी साडेपाचला संपते आणि आत्ता पाच वाजून सात मिनिटं झाली आहेत. अजून तुम्ही शाळेचे शिक्षक आहात.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल संयोजकांचे, अध्यक्षसाहेबांचे आणि माझी मिनिटं मोजणं मघाशीच सोडून दिल्याबद्दल सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंचे मनापासून आभार. चौदा वर्षं रोज सकाळी नवऱ्याला लवकरचा चहा करून दिल्याबद्दल वहिनींचे सगळ्यांत जास्त. बोलण्याच्या भरात कुणाला अधिक-उणं बोलले असेन, कुणाचं नाव राहिलं असेल, तर ते पुसून टाकू नका. एक आडवी रेघ मारा आणि मोठ्या मनाने शेजारी सही करा.

हं, सर, ही घ्या वही. पेन आहे तुमच्याकडे. अहो, डाग कसला बघताय उजेडाकडे धरून… काय म्हणालात? मुलांना ऐकू आलं नाही, थांबा, मी सांगते. सर विचारताहेत, "बाई, तुम्हाला तेव्हा किती दिसलं होतं?"

सत्याण्णव, सर. तिन्ही वेळा सत्याण्णवच दिसलं होतं.

झाली सही. धन्यवाद.